खालची चिठ्ठी

सन्माननीय अध्यक्षमहोदय, वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, संग्रहालयातली वडीलधारी आणि बरोबरीची मंडळी, आणि जिच्या निवृत्तीमुळे आज आपल्या सगळ्यांचे चेहरे उतरले आहेत ती आमची ताई,

अध्यक्षांनी मला ‘थोडक्यात बोला’ असं बजावलं आहे. पण ताईंनी मला आजवर काहीच थोडक्यात शिकवलं नाही, त्याला मी काय करू?

नाणेविभागाबाहेरच्या मंडळींसाठी सांगतो. आपल्याकडच्या सगळ्या प्राचीन नाण्यांचा ताईंनी नकाशा केला. नाणं ज्या टांकसाळीत पाडलं, तिथे लाल टिंब. नुसतं सापडलं असेल, तर तिथे निळं. सोपं वाटतं ना? पण त्या नाण्यांवर गावाचं नाव नसतं. शिवाय नाणं जिथे सापडतं तिथलंच असतं, असंही नाही. कुणाच्या कनवटीला बसून ते कुठवर गेलं असेल, कुणी सांगावं? हे सगळं ताईंनी भिंगातून शोधलं. ते भिंग कपाळावर चढवायचं आणि शोधायला आम्हाला लावायचं, हा त्यांचा रोजचा कार्यक्रम.

विभागाचा एक नियमही सांगायला हवा. प्रत्येक नाण्याखाली चिठ्ठी असते: नाणं कोणतं, कुठलं. ती चुकीची ठरली, तर नवी लिहून वर ठेवायची. जुनी मात्र फेकायची नाही, तशीच खाली राहू द्यायची. नवखा असताना मी एक चुकीची चिठ्ठी चुरगळून टाकली होती. ताईंनी ती केराच्या टोपलीतून काढायला लावली आणि वर इस्त्री करायला लावली. म्हणाल्या, “अरे, कुणीतरी डोळे फोडून लिहिलंय ते. चुकला म्हणून काय त्याला हाकलून द्यायचं?”

ताईंचे यजमान उत्खनन विभागात होते. ताईंचे यजमान म्हणून ते अख्ख्या संग्रहालयाचे भाऊजी. तरुणपणी त्यांना एका टेकडीवर नाण्यांनी भरलेलं मडकं सापडलं. ही नाणी इथेच पाडली, टेकडीवर टांकसाळ होती, असं त्यांनी ठामपणे मांडलं. त्या नाण्यांखालच्या चिठ्ठ्या त्यांच्याच हातच्या, ठसठशीत अक्षरातल्या. माणसाची आयुष्याची कमाई काय असते? भाऊजींची ती टेकडी होती.

नकाशा संपत आला, तेव्हा भाऊजी अंथरुणाला खिळले होते. आणि नेमकं त्याच वेळी ताईंना त्या नाण्यांवर, घोड्याच्या पायाखाली, केसासारखी एक रेघ दिसली. नाणी पाडायच्या ठशाला तडा गेला की त्या ठशाने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर तो उमटतो, आणि ठसा वापरात असेतो लांबत जातो. तीच रेघ एका बंदरातल्या टांकसाळीच्या नाण्यांवर होती.

मी त्या नाण्यांचे फोटो घेऊन ताईंच्या घरी गेलो होतो. भाऊजी उशीला टेकून बसले होते. त्यांनीच विचारलं, “काय गं, माझ्या टेकडीला लाल टिंब दिलंस ना?”

मी ताईंना डोळ्यांनी खुणावत होतो, की राहू द्या. डॉक्टरांनी हात टेकले होते हो. पण ताईंनी फोटो त्यांच्या मांडीवर ठेवले आणि रेघ दाखवली.

भाऊजींनी फोटो डोळ्यांजवळ नेले. मग म्हणाले, “नेला असेल कुणी ठसा टेकडीवर.”

“अहो, बंदराच्या नाण्यांवर आधी तडा आखूड आहे. मग तुमच्या नाण्यांवर थोडा लांब. आणि पुन्हा बंदराच्याच नाण्यांवर त्याहून लांब.”

“म्हणजे नेला आणि परत आणून ठेवला?” भाऊजी हसले, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. पाणी प्यायल्यावर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला ताईंचा इतका राग आला होता की मी चहा न घेताच उठलो. दारापर्यंत पोहोचलो, तेव्हा मागून आवाज आला, “निळं दे मग. पण माझ्या चिठ्ठ्या फेकू नकोस हं.”

“कोण फेकतंय!” एवढंच ताई म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

नकाशा छापून होण्याआधीच भाऊजी गेले. पुढे आमच्यातलेच काही जण ताईंना म्हणाले, राहू द्या ते लाल टिंब, कोण बघतंय? ताई म्हणाल्या, “खोटं सांगायचं असतं, तर त्यांना सांगितलं असतं ना.” मग एकेका नाण्याखाली, भाऊजींच्या चिठ्ठीवर, त्यांनी आपली चिठ्ठी ठेवली. ते करताना त्या रडत होत्या, आणि आम्ही सगळे कपाटं पुसत होतो.

आता एक अडचणीची गोष्ट. त्या टेबलावर झाकलेली फ्रेम ही विभागाची भेट आहे. काल ती आली, आणि उघडून बघतो तर काय! छापखान्याने चुकून पहिला कच्चा नकाशा छापला होता. टेकडीवर ठळक लाल टिंब! धावपळ करून आज दुपारी बरोबर नकाशा छापून आणला. फ्रेमवाला म्हणाला, “तो चुकलेला टाकून देतो.”

मी म्हटलं, “थांबा. आमच्याकडे टाकत नाहीत.”

ताई, वर तुमचा नकाशा आहे, निळ्या टिंबाचा. त्याच्याखाली, त्याच काचेमागे, भाऊजींचा आहे.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, तर पोटात घालावं. अध्यक्षमहोदय, आपण फ्रेम द्यावी ही विनंती. आणि ताई, दोन्ही हातांनी घ्या. एका नकाशाच्या मानाने जड आहे.