पहिलीची परवानगी

परवा बोरसीला माझ्या सख्ख्या काकूच्या घरी काय झालं ते ऐका, आणि मग सांगा मी ओरडले ते चुकलं का.

चुलत बहीण पल्लवीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं. मी रायपूरच्या होस्टेलवरून थेट तिथेच पोचले. मुलगा स्टील प्लांटमध्ये पर्मनंट, त्यामुळे काकू खूश होती. मुलाकडची एक हसरी बाई पल्लवीची ओटी भरत होती. मी सहज विचारलं, "ताई, तुम्ही नवरदेवाच्या कोण?"

"बायको," ती म्हणाली.

मला वाटलं, थट्टा करतेय. पण कोणीच हसलं नाही.

काकू घाईघाईने म्हणाली, "तिले लेकरू नाही वो. तिनंच परवानगी देल्ली, समाजाच्या बैठकीत, सगळ्यांसमोर."

"परवानगीनं काय होतं, काकू? पहिली बायको असताना दुसरं लग्न कायद्याने लग्नच नसतं! पल्लवी उद्या कोणाची कोण?"

नवरदेव म्हणाला, "दीदी, समाज में सब तय हो चुका है."

"तू चूप बस," काकू मलाच म्हणाली. "तुहं कॉलेज इथं नको आणू."

पल्लवी माझ्याकडे बघत होती. मी त्या बाईकडे वळले. "ताई, तुम्ही तरी बोला. हे लग्न कायद्यात टिकत नाही, हे तुम्हाला कोणीच सांगितलं नाही?"

तिने पल्लवीच्या पदरातला नारळ नीट ठेवला.

"सांगतलं ना, वकिलानं. म्हणे बायको कायम तूच राहशील. तवाच त मी हो म्हटलं."