मागे कोण बसणार

हॅलो?... हॅलो, कोण?... अगं, तू होय. नाव दिसतं स्क्रीनवर, पण चष्मा कपाळावर आहे आणि दोन्ही हातांना ग्रीस. कोपरानं उचललाय फोन... हो, स्पीकरवर. कोणी नाही इथे. शेडमध्ये मी आणि एक उघडं वॉशिंग मशीन. ते काही कुणाला सांगत नाही.

आई? आई व्हरांड्यात बसलीये, भाजी निवडतेय. देऊ का?... नको? माझ्याशीच बोलायचंय?... नाही, बोल ना. एरवी मी म्हणजे आईला फोन देईपर्यंतचा माणूस, म्हणून विचारलं.

हो... हो... या रविवारी? अगं, ये की. विचारतेस काय... पिल्लूला सुट्टी आहे का?... नाही? मग शाळा?... बरं, बुडू दे. बालवाडी बुडाली म्हणून कोणी अडाणी राहिलं नाही. मी कॉलेजात शिकवायचो तेव्हा वर्गच्या वर्ग बुडायचा. पास सगळे व्हायचे.

न्यायला येऊ? मी?... नाही, येईन की. पण सकाळची ती बस चांगली आहे... सामान आहे? असू दे, बसच्या पोटात मावतं... एवढं काय सामान?... खाट? पिल्लूची खाट कशाला, इथे खाटा आहेत... सायकल पण?... मिक्सर? मिक्सर आहे गं आपल्याकडे. विमान उतरल्यासारखा आवाज करतो, पण वाटतो.

हं... हं... झोपत नाही? का गं, बरं नाही का तिला?... आपल्या गाडीत झोपेल म्हणतेस. मागे... हो, आडवी होऊन. तू झोपायचीस तशी, पाय दाराला लावून. आठवतं ना. आठवतं मला.

अगं, ऐक ना. गाडीचं म्हणशील तर... नाही, बंद नाही पडली. उत्तम चालते. फोटो पाठवला होता ना तुला, रंग दिल्यावर?... हो, तोच. आवडला होता ना?... हं. तो समोरून काढलेला होता.

नाही, समोरून गाडी तीच आहे. तेच दिवे, तेच बॉनेट, तोच हॉर्न, सर्दी झाल्यासारखा. दारंसुद्धा तीच आहेत. पुढची.

मागून?

मागून म्हणजे कसं आहे... मागून ती आता तेवढी राहिलेली नाही.

ठोकली नाही गं. कोणी नाही ठोकली... अर्धी गाडी चोरीला कशी जाईल?... पिकअप केली मी तिची.

पिकअप. पुढे दोन माणसं, मागे उघडा हौदा. सामान वाहायची गाडी... वेगळी नाही घेतली. आपलीच. तीच कापली... कापली म्हणजे कापली. गॅरेजवाल्यानं छपरावर खडूनं रेघ मारली, पुढच्या सीटच्या मागून, आणि ग्राइंडर चालू केला. मागची दारं, सीट, छप्पर, डिकी, सगळं उतरवलं. मग पत्र्याचा हौदा बसवला.

हॅलो?... आहेस ना?

मशीनसाठी, दुसरं कशासाठी. तूच म्हणाली होतीस ना, बाबा, रिटायर झालात, आईच्या मागे मागे फिरू नका, हातांना काहीतरी काम द्या. दिलं. लोकांची बंद पडलेली मशीनं आणायची, चालू करून पोचवायची. आता वॉशिंग मशीन उभंच न्यावं लागतं, आडवं केलं की आतला ड्रम... बरं, राहू दे ते. डिकीत मावत नव्हतं, एवढंच. आणि टेम्पोवाला सकाळी येतो म्हणायचा, कुठल्या सकाळी ते सांगायचा नाही.

सांगणार होतो तुला. आईसुद्धा म्हणत होती, सांगा तिला. गेलं वर्षभर सांगतोच आहे... मनातल्या मनात.

तुझ्या जागेवर? तुझ्या जागेवर आता वॉशिंग मशीन बसतं. दोरीनं बांधून. आणि खरं सांगू, गुणी आहे. वळणावर उलटी करत नाही, दर पाच मिनिटांनी 'आलं का, आलं का' विचारत नाही... हसलीस ना?

नाही हसलीस. बरं.

काच कशी फुटेल? काच आहे की. मागची काच पुढे आली. छप्पर कापलं की केबिन मागून उघडी पडते ना, मग मागचीच काच आणून पुढच्या सीटमागे बसवतात. तशी पद्धतच आहे... हो, तुझे वाघाचे स्टिकर अजून आहेत तिच्यावर. गॅरेजवाला पट्टीनं खरवडायला लागला होता. मी म्हटलं, राहू दे, काचेला चरे पडतील. काचेचीच काळजी होती, दुसरं काही नव्हतं. पूर्वी आरशात बघितलं की तू दिसायचीस आणि तुझ्या लांब मागे ते वाघ. आता ते एकदम मानेवर आलेत. मधलं सगळं गेलं.

नाही, काही नाही. असंच सांगितलं.

अगं, रडतेस काय? पत्रा आहे तो... ऐक, माझं ऐक. त्या गॅरेजवाल्यालाही सवय आहे भोचकपणाची. म्हणाला, काका, मागे कोणी बसत नाही का? मी म्हटलं, मागे कोण बसणार आता? मुलगी सासरी, आणि बायको पुढे बसते आणि तिथूनच गाडी चालवते. तोही हसला, त्याचा वेल्डरही हसला. मला वाटलं, काय झकास बोललो. गाड्यांच्या नोंदणीच्या कचेरीत कारकुनानं विचारलं, आधी पाच माणसं लिहिलीयेत, आता दोन, मधली तीन कुठे गेली? मी म्हटलं, मोठी झाली. तो मात्र हसला नाही. सही करा म्हणाला. केली.

हो, तुला विचारायला हवं होतं. पण तू 'करा' म्हणाली असतीस... नसतीस?... हं.

बरं, मग असं करू. जावयांच्या गाडीतून या ना तुम्ही. त्यांची ऐसपैस आहे, पिल्लू मागे मस्त लोळेल... ते नाही येणार? कामात असतील. मग गाडी तरी... नको? त्यांना विचारायचंच नाही?

का?

...

थांब जरा. खाट, सायकल आणि मिक्सर. बाळा, चार दिवस माहेरी येताना कोणी मिक्सर आणत नाही.

किती दिवसांसाठी येतेस?

बोल ना... हं... हं.

कधीपासून चाललंय हे?... पण आम्ही आलो होतो की तेव्हा. तो तर मला अर्धा तास नवा टीव्ही दाखवत होता. चहाचे कप स्वतः उचलले त्यानं. आई मला येताना म्हणालीसुद्धा, बघा, शिका काहीतरी... हो, आणि पिल्लूच्या वाढदिवसाचा फोटो? तिघं छान उभे होतात की, तो तुझ्या खांद्यावर हात...

हं. तोही समोरूनच काढलेला.

मारलं वगैरे नाही ना?... खरं सांग... नाही. मग काय?... बोलतच नाही? आणि बोलला की?... पिल्लूसमोर? काय म्हणाला?

परत सांग.

'जाशील कुठे.'

असं म्हणाला. पोरीसमोर. 'जाशील कुठे.' आणि म्हणून तू मला फोन केलास. आणि मी तुला मघापासून ऐकवतोय की तुझ्या जागेवर वॉशिंग मशीन बसतं आणि ते किती गुणी आहे.

नाही, तू कशाला माफी मागतेस. तू गप्प बस जरा. म्हणजे गप्प नको बसूस. बोल.

खोली? तुझी खोली आहे ना. खोली कुठे जातेय. कपाट, टेबल, सगळं जिथल्या तिथे... रिकामी म्हणजे... तशी रिकामीच. थोडी मशीनं ठेवलीयेत. शेडमध्ये गळत होतं, भिजली असती... किती? मोजली नाहीत. दोन खिडक्यांपैकी एक उघडते अजून... पलंग आहे की. दिसत नाही, पण आहे.

हो, कळतंय मला कसं वाटतंय ऐकायला. बोलायलाही तसंच वाटतंय.

मैत्रिणीकडे? कुठल्या?... तिचं स्वतःचंच घर केवढंसं, त्यात सासू... काही दिवस म्हणजे?... अगं, आम्हाला कसला त्रास? ऐक... ऐक ना माझं. ठेवू नकोस. हे बघ, ठेवलास तर मी परत लावीन, आणि आता फोनलाही ग्रीस लागलंय, भलत्यालाच लागेल.

कोणाला सांगितलं नाही असं एक तुला सांगतो. आईलाही माहीत नाही. गाडी कापून आणली, त्यानंतर थोड्या दिवसांनी मी परत गेलो होतो त्या गॅरेजवाल्याकडे. म्हटलं, समजा, कोणाला परत पहिल्यासारखी करायची असेल तर? मी नाही, कोणाला. तो म्हणाला, काका, तुमचा मागचा भाग कधीच भंगारात गेला, दाबून त्याचा ठोकळा झाला असेल. आता दुसरी तसलीच गाडी शोधायची, तिची मागची बाजू कापायची आणि आपल्या गाडीला जोडायची. बघू का एखादी? मी म्हटलं, नको. तिच्यातही कोणीतरी मागे बसत असेल.

म्हणून म्हणतो, गाडीचं आता काही होण्यासारखं नाही. ती गेली. पण खोली मी कापलेली नाही. नुसती भरलीये.

थांब एक मिनिट... आई आलीये दारात... अगं, स्पीकरवर होता ना फोन. मला वाटलं, व्हरांड्यापर्यंत नाही जात आवाज. जातो... उभी आहे नुसती... हं. ताट माझ्या उघड्या मशीनवर ठेवलं आणि आत गेली. भाजी पडली ड्रममध्ये. पडू दे.

सीट? सीट आहे गं. मागची सीट आहे अजून, तेवढी राहिली. मी भंगारात देत होतो, आईनं हिसकावून घेतली. व्हरांड्यात टाकलीये, तिच्यावरच बसते ती. पाय नाहीत ना सीटला, बसलं की गुडघे हनुवटीला येतात. मी वर्षभर म्हणतोय, ही काय बसायची गोष्ट आहे, चांगल्या खुर्च्या सोडून. ती म्हणते, असू दे, लागेल. कशाला लागेल ते कधी बोलली नाही. आता मला वाटतं, मीही नीट विचारलं नाही.

हो, लांबी तेवढीच आहे. पिल्लू आडवी मावेल.

रविवार कशाला? उद्या येतो मी. उजाडलं की निघतो... सामानाचं तू मनावर घेऊ नकोस. खाट, सायकल, मिक्सर, सगळं हौद्यात. त्या बाबतीत गाडी सोयीची झालीये, एवढं तरी मान्य कर. कपाटही आण... त्याचं आहे? मग राहू दे त्याला. पुढे तू आणि पिल्लू. झोपली तर तुझ्या मांडीवर झोपेल, मी हळू चालवतो. आई नाही येत, जागाच नाही ना. पहिल्यांदाच तिच्या सूचनांशिवाय चालवणार आहे, तेव्हा रस्ता तू सांग.

घरी आहे का तो उद्या?... असू दे. मला काही बोलायचं नाहीये त्याच्याशी. हॉर्न वाजवीन, तुम्ही खाली या. गाडी उलटी लावीन दारात. त्याला हौदाच दिसू दे.

कसला?... हो, मलाही येतोय तो आवाज. आई आहे. तुझ्या खोलीत. मशीनं बाहेर काढतेय... एकटीच. मी थांब म्हटलं असतं, पण मघापासून माझ्याकडे बघितलेलं नाही तिनं.

अगं, ते मोठं राहू दे, मी येतो... नाही, तुला नाही, आईला म्हणतोय... अगं, आडवं नको करूस. आडवं केलं की त्याचा ड्रम...

बरं, कर. कर आडवं.

ठेवतो गं बाळा. दारात अडकलंय ते, तिच्या एकटीनं नाही निघायचं.