पिवळ्या क्रेनचं खोकं

नाई नाई काका, खालून नोका धरू — खालचा पुठ्ठा सुटून हातात येईन. दोन्ही बाजूनं धरा, आडवं, लेकरू घेतल्यावानी. हां, असं. दादा असंच धरे. अन् त्या खुर्चीवर नोका बसू, तिचा पाय लचकते, इथं दिवाणावर बसा. आईचं मनावर घेऊ नोका. तुमाले पाहून रडली असं नाई, दारात कोणीही आलं का रडते, काल दूधवाल्याले पाहून रडली. तुम्ही विचारलं ‘धीरज आहे का घरी’ — आता त्याले ती काय सांगन? तुमचीबी चुकी नाई. तुमाले कोण कळवणार होतं? मी टाकलं असतं कार्ड, पण मी सातवीतूनच घरी बसलो काका, मायं अक्षर मलेच लागत नाई. परवा तेरवी झाली. चार दिवसांचा ताप, बस. बुधवारी दुकानात बसून गिऱ्हाइकाले टिकल्यांची पाकिटं दाखवून राह्यला होता, अन् रविवारी पहाटे वर्ध्याच्या दवाखान्यातून आम्ही त्याले गाडीत घालून देवळीले आणलं. चोवीस वर्षांचा दादा माया. आता पुन्हा विचारू नोका, मी पुन्हा सांगणार नाई.

तुम्ही ओमप्रकाशजीच ना, नागपूरचे? बाप्पा! मले वाटलं कॉलेजातला पोट्टा असन कोणी. ‘ओमप्रकाशजीचं पत्र आलं, ओमप्रकाशजीचं पत्र आलं’ म्हणून दादा घरभर नाचे, अन् तुमचे तं केस पांढरे हाय! रागावू नोका. नाई, एका खेळण्यासाठी बसनं धक्के खात देवळीले — चुकलो, खेळणं नाई. दादा लय चिडे. म्हणे ‘खेळणं म्हणू नोको बे अंकुश, कलेक्शन हाय ते.’ अन् आई म्हणे ‘हो, अन् तुया कलेक्शनवरची धूळ मी पुसू.’ हसे मंग तो. पुसू देत नव्हता पण. स्वतः पुसे, बनियानच्या फडक्यानं, कोरड्या, ओलं कधीच नाई.

पाहा ना मंग, निवांत पाहा, तुमचाच हक्क हाय तो. दादा कसा पाहे सांगू? आधी कोपरे. म्हणे खोक्याचे आठ कोपरे पाहायचे, एकबी दबला असन तं समजायचं कोणीतरी आपटलं. हे घ्या, सात धड हाय, हा आठवा थोडा बसला, तो अण्णाजींच्या माळ्यावरच बसला होता. सेलूचे अण्णाजी, दुकान बंद करून राह्यले होते शहाण्णव साली, तवा माचिसच्या पुड्यांमागं हे पडलं होतं, उंदरानं बाजूचं सारं खाल्लं अन् याले तोंड नाई लावलं. मी दहा वर्षांचा होतो, सोबत गेलतो. मंग रंग पाहायचा — पाहा, पिवळा तसाच हाय का नाई? लोखंडी कपाटात ठेवला, डांबरगोळ्या टाकून, उन्हाचा कवडसाबी नाई पडू देला. मंग छपाई. या अक्षराइले काय म्हणतात मले माहीत नाई, जपानी का चिनी, पण बोट फिरवून पाहा, उठून लागते हाताले. अन् मागचं चित्र — पाच गाड्या, पाचाइचे पाच माणसं होतात, अन् पाचही माणसं जोडले का एकच मोठा राक्षस. तुमच्याजवळ चार हाय, हो ना? दादानं सांगतलं होतं. डंपर हाय, रोलर हाय, ते माती उकरणारं हाय अन् आणखी एक. ही क्रेन म्हणजे त्याचा उजवा हात. म्हणजे इतके वर्षं तुमच्या घरी तो बिनाहाताचा उभा हाय. मले हसू येते काका — नाई, हसू नाई, काय येते ते मलेच समजत नाई.

हो. फाटलंय. वरचं झाकण. पाह्यलं तुम्ही, मी म्हणलंच कवा पाहतात. मी फाडलं. दहाव्याच्या दिवशी, यशोदा नदीवर, साऱ्यांच्या समोर फाडलं. आता तोंड पाडू नोका, आधी ऐकून घ्या. पिंड ठेवला, आम्ही सारे मागं सरलो, अन् कावळा शिवेना. कावळे नव्हते असं नाई, बाभळीवर सात-आठ बसले होते, पिंडाकडंच पाहत. उतरेना एकबी. गुरुजी म्हणे काही इच्छा राह्यली असन मुलाची, बोला कोणीतरी. बाबा पुढं झाले, हात जोडले, म्हणे ‘धीरज, हर्षाचं लग्न मी नीट करून देईन, तू काळजी नोको करू.’ हर्षा म्हणजे आमची बहीण. नाई आला. मधुकरमामा म्हणे ‘तुया आईकडं मी पाहीन.’ एक उतरला, दोन पावलं चालला, अन् गेला उडून. ऊन असं चढलं का बाबाचं नुकतंच भादरलेलं डोकं लाल झालं, ते बाजूले सरायलेबी तयार नाई. अन् मंग सारे मायाकडं पाहायले लागले. लहान भाऊ ना मी. त्याच्याच खाटेले खाट लावून झोपणारा. मलेच माहीत असन म्हणे.

मले काय माहीत असन काका? पण मले दवाखाना आठवला. शनिवारी तो तापात ‘खोकं, खोकं’ म्हणे. मी म्हणलं, ‘उघडू का दादा?’ तं त्यानं हात असा केला. असा. हे ‘हो’ असते का ‘नाई’ असते? तुम्हीच सांगा. नाई, तुम्ही नोका सांगू. मले तवा ‘हो’ वाटलं. वाटलं सात वर्षं जपलं बिचाऱ्यानं, एकदाबी उघडून नाई पाह्यलं, त्यातच जीव अटकला. मामाची लुना उचलली, विचारलंबी नाई, घरी आलो, कपाट उघडलं, खोकं पोटाशी धरून एका हातानं लुना चालवत नदीवर. अन् तिथं टराटरा झाकण फाडलं, क्रेन काढली, पिंडासमोर ठेवली. म्हणलं, ‘घे दादा, उघडलं. पाह्य.’ अन् कावळे उडाले. सारेच्या सारे. असं पिवळं, चमकणारं — त्याइले वाटलं असन कोणी काही फेकून मारलं. बाभूळ रिकामी. बाबानं एक थापड मारली असती तं बरं झालं असतं. मंग गुरुजींनं दर्भाचा कावळा केला, गवताचा, अन् त्याची चोच पिंडाले लावली. झालं म्हणे. गवताचा कावळा! त्याले काय भूक असते, त्याले काय समजते कोणाची इच्छा राह्यली ते?

काय म्हणलं? देऊन टाकणार होता? म्हणजे तुम्ही फक्त पाहायले नाई आले? मले वाटलं पाहायले आले. कवा ठरलं हे? उन्हाळ्यातच — अन् आजचीच तारीख देलती त्यानं. ज्याच्याजवळ बाकीचे चार हाय त्याच्याजवळ जावं, असं म्हणे? हो, असंच बोले तो, मोठ्या माणसावानी. म्हणजे दवाखान्यात तो हेच — ‘खोकं’ म्हणजे खोकं तुमाले देजो, हे सांगून राह्यला होता. अन् मी नदीवर इतकंच म्हणायचं होतं, का दादा, नागपूरच्या काकाले तुयं खोकं देईन. एवढं एक वाक्य. कावळा आला असता. आला असता ना? बाबा, मामा, गुरुजी, कोणाले माहीत नव्हतं, पण मी तं बाजूच्या खाटेवर झोपत होतो. मी फाडून बसलो.

ऐकलं? आतून म्हणते आई. ‘देऊन टाक रे त्याइले, सुटू दे माया लेकराले.’ हो आई! ऐकलं! देतो! — सारं ऐकत असते ती, आडवी पडून. देतो काका. थांबा, आतलं तं पाहून घ्या. हे थर्माकोल, एक तुकडाबी उडाला नाई. ही स्टिकरची पट्टी, जशीच्या तशी. हा कागद. अन् ही क्रेन. पाहा, हुकाले खराखुरा दोरा हाय, गुंडाळता येते. चाकं रबराची. वास घ्या, सात वर्षं झाले तरी नव्या पिलॅस्टिकचा —

तो गोंद? कोणता? तो खालचा. जुना असन. कंपनीचा असन. काऊन, कंपनी नाई लावत का गोंद?

नाई लावत म्हणता.

बरं. तुम्ही कोणाले सांगणार नाई, तुम्ही नागपूरले राह्यता. अठ्ठ्याण्णव साली दादा दुकानाचा माल आणायले नागपूरले गेलता, अन् मी ब्लेडनं हे खालून उघडलं. बारा वर्षांचा होतो, नाई राहवलं. कागदावर सतरा चित्रं होती, क्रेनचा माणूस कसा करायचा त्याची. वाचायचं काही नव्हतं, नुसतं पाहायचं, म्हणून जमलं. अन् माणूस झाला काका! छाती निघाली, डोकं निघालं, मी एकटाच घरात ओरडलो. पण माणसाची पुन्हा क्रेन होईना. उलटी चित्रं पाहत गेलो, सतरा, सोळा, पंधरा, अन् पंधरावर अटकलो. पाय कमरेत जायना. जोर लावला तं कटकन वाजलं. तेवढ्यात बाहेर दादाचा आवाज. तसाच कोंबला आत, एक पाय वाकडा, बांधायच्या तारा सुट्या, मैद्याच्या खळीनं खालचा पुठ्ठा चिकटवला, कपाटात ठेवून देलं. अन् पाच वर्षं माया जीव मुठीत. पाहुणे आले का तो खोकं काढे, म्हणे, ‘याले कोणाचं बोट नाई लागलं आजवर,’ अन् मी पाणी प्यायले आत जाये.

पण नदीवर मी झाकण फाडलं ना, तवा आत माणूस नव्हता. क्रेन होती. ही अशी, नीट मुडपलेली, पाय कमरेत. अन् तारा बांधलेल्या, डाव्या अंगाले पीळ देलेल्या. डावखुरा होता दादा, चपलेचा अंगठाबी डावीकडूनच शिवे. तिथं कोणाच्या लक्षात आलं नाई. मायाच आलं. म्हणजे त्याले माहीत होतं. कवापासून, देव जाणे. उघडून पाह्यलं त्यानं, सारं नीट केलं, पुन्हा बंद केलं, अन् मले एक शब्द नाई बोलला. आम्ही रोज एका ताटात जेवत होतो काका! काऊन नाई बोलला? रागानं का मायेनं? मारलं असतं तं समजलं असतं. आता कोणाले विचारू? तुमाले लिहिलं होतं का काही? तुमाले तं पानं भरभरून लिहे. हाय का जवळ? मंग वाचा. तुम्हीच वाचा, हळू वाचा.

‘खोके खालून एकदा उघडलेले आहे, हे आधीच सांगतो, नंतर आपल्याला वाईट वाटायला नको. ते मीच उघडले होते.’

पुन्हा वाचा. तेवढंच. ‘मीच.’

‘मीच’ असंच लिहिलं त्यानं?

खोटारडा. पाहा ना कसा — तुमच्याशी, अनोळखी माणसाशी, माया वाटचं खोटं बोलून बसला. अन् मले घरात — नाई, मी ठीक हाय. ऊन लागते इकडून, म्हणून डोळे. पाणी नाई पायजे. तुम्ही बोलू नोका थोडं. हात नोका लावू पाठीले, तुम्ही तिकडंच —

काका! ठेवा ते! खाली ठेवा! जोड नाई पाहायचा, पाय नाई उघडायचा, कोणी सांगतलं तुमाले पाय उघडायले? तो त्यानं मुडपलेला हाय. मले मुडपता येत नाई. तुमाले येत असन, तुमाले सारंच येत असन, चार-चार हाय तुमच्याजवळ, पण तुमचं मुडपलेलं ते त्याचं नाई ना. आणा इकडं. आणा म्हणतो ना.

हो आई, देऊन राह्यलो! निघालेच ते!

हळू बोला. हे खोकं घ्या तुम्ही. थर्माकोल ठेवलं आत, स्टिकर ठेवले, कागद ठेवला, हा पेपर कोंबतो म्हणजे हलकं नाई लागणार. क्रेन नाई देत. नाई म्हणजे नाई. माहीत हाय मले काय बोललो ते, माहीत हाय काय ठरलं होतं. आईले दारातून जातानी खोकं दिसू द्या तुमच्या हातात, तेवढं करा. तिले वाटू द्या सुटला म्हणून. अन् तो राह्यला अटकून तं राहू द्या काका, इथंच राहीन, बाजूच्या खाटेवर राहीन, मी काही म्हणणार नाई त्याले. असं नोका पाहू मायाकडं. खालून नोका धरू. चपला उजवीकडं हाय. जा — अन् मागं वळून पाहू नोका.