देव्हाऱ्यातली सीडी

विनीता : हात लावू नका, भागोजीकाका. नुसतं ऐका. टक्... टक्... टक्. ऐकलंत?

भागोजी : घड्याळ अडकल्यावानी वाजतंय.

विनीता : हीच ती ऑफिसातल्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क. धुतली, चार दिवस वाळवली, आज घरून या वरच्या वर्गात आणलेल्या माझ्या मशीनला जोडली. मासिकाबरोबर फुकट मिळालेली सीडी लावून बघितली, विंडोज सुरू न करता डिस्क वाचणारी. सायबर कॅफेतून आणखी दोन सॉफ्टवेअर उतरवून आणली. तीही फुकट, आणि कामाला चोख. पण डिस्कच उठत नसेल तर ती बिचारी काय करणार?

भागोजी : म्हनजे गुरुजींचं रजिस्टर...

विनीता : गेलं.

भागोजी : समदं?

विनीता : सगळं. १९३१ पासूनची शाळेतली पोरं. कपाटातल्या मूळ रजिस्टरांचा तर लगदाच झालाय. दत्तोपंत सरांनी निवृत्तीनंतर तीन वर्षं बसून टाइप केलं तेवढंच राहिलं होतं, तेही गेलं.

भागोजी : बाई, शाळेला रिपोर्ट लिवताय न्हवं? त्यात माझं नाव घाला. सरळ लिवा, भागोजी शिपायानं घोळ केला.

विनीता : काय म्हणून लिहू? छातीएवढ्या पाण्यातून दोन मॉनिटर डोक्यावर घेऊन तुम्ही एकटे जिना चढलात.

भागोजी : तेच तर! काचेचा टीव्ही वर नेला आनि खालचा डबा पान्यात सोडला. मला काय ठावं, अक्कल डब्यात असते! गुरुजी रोज म्हनायचे, "भागोजी, कॉम्प्युटर पूस रे," आनि बोट दाखवायचे त्या टीव्हीकडं. मला वाटलं, टेबलाखालचा डबा म्हनजे ब्याटरी. दोन खेपा मारल्या, बाई. तिसरी मारली असती, पन पानी गळ्याला लागलं.

विनीता : बरं झालं नाही मारलीत ते.

भागोजी : अडानी मानूस मी. टीव्ही किती वजनाचे, बापा! त्यापरीस डबा हलका होता.

विनीता : पुरे आता. स्वतःला किती बोलाल? पुराच्या वेळी काय आधी उचलायचं, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं? मी भिंतीवर सूचनांचा कागद चिकटवला. मशीन बंद कसं करायचं, फ्लॉपी कशी तपासायची, व्हायरसचं फुकटचं औषध कुठून उतरवायचं. अकरा सूचना! महाडात राहून, पुरात काय उचलायचं याची एक नाही. आणि कागद बघा, खाली ऑफिसात जसाच्या तसा. पाणी त्याच्या वीतभर खाली थांबलं.

भागोजी : गुरुजी येतायत. चपला वाजतायत जिन्यात.

दत्तोपंत : काय, भागोजी, तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं? विनीता, काय म्हणते आपली डिस्क?

विनीता : सर, बसा आधी.

दत्तोपंत : बसायला सांगतेस म्हणजे कळलंच. बोल.

विनीता : वाचत नाही. आता वाचेल असं वाटतही नाही.

दत्तोपंत : हं.

भागोजी : गुरुजी, चूक माझी हाय. मी डबा...

दत्तोपंत : गप रे. तुझं ऐकलंय मी, सगळ्या बाजारपेठेने ऐकलंय. आता माझं ऐका. पुराच्या तिसऱ्या दिवशी वीज आली. ऑफिसात कोणी नव्हतं. मला राहवेना. डबा बाहेरून पुसला, कोरडा दिसला, आणि बटण दाबलं.

विनीता : सर!

दत्तोपंत : चर्र झालं, धूर आला. मी प्लग काढला आणि घरी जाऊन जेवायला बसलो. सत्तरीचा माणूस मी, पण तुला सांगायची हिंमत झाली नाही. तुझ्या त्या कागदावर चौथीच सूचना आहे ना? "भिजलेलं यंत्र वाळल्याशिवाय सुरू करू नये." मीच तुझं शुद्धलेखन तपासलं होतं.

विनीता : तुम्ही सांगितलंत, आता मीही सांगते. खरा गुन्हा माझा आहे.

दत्तोपंत : तुझा? तू तर म्हणायचीस, बॅकअप रोज होतो, साडेचारला, आपोआप.

विनीता : व्हायचा ना. रोबोकॉपी नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, तेही फुकट. पाच ओळी लिहून ठेवल्या होत्या. साडेचार वाजले की तुमची फाइल सी वरून डी वर. मला केवढा अभिमान होता त्याचा! पण सी आणि डी एकाच डिस्कवर आहेत, सर. एका घराच्या दोन खोल्या. पूर आला आणि अख्खं घरच गेलं.

दत्तोपंत : आणि हे तुला माहीत नव्हतं?

विनीता : माहीत होतं. हेच तर लागतंय मनाला. माहीत होतं आणि चालवून घेतलं. आधी मी दर शनिवारी सीडी लिहायची, आठवतंय? अर्धा तास जायचा. मार्चमध्ये हे आपोआपचं जमलं, तेव्हा म्हटलं, आता सीड्यांची कटकट कशाला. सगळ्या काढून दिल्या टाकायला.

दत्तोपंत : कोणाला दिल्यास?

विनीता : काकांना. काका, तुम्ही खाली काय बघताय?

भागोजी : काय नाय.

दत्तोपंत : भागोजी, टाकल्यास ना त्या सीड्या?

भागोजी : बाई म्हनाल्या टाका.

दत्तोपंत : मग टाकल्यास का?

भागोजी : ...नाय टाकल्या. चोरी नाय केली, गुरुजी, आईशपथ. टाकायच्याच होत्या. चांगल्या लखलखीत वस्तू, केराच्या टोपलीत टाकायला जीव होईना. घरी नेल्या वाडीवर. जूनमधी रोपांसाठी भात पेरला, तवा चिमन्या बसायला लागल्या. सुतळीत ओवून काठ्यांना बांधल्या. उन्हात असल्या चमकायच्या, एक चिमनी फिरकली नाय!

विनीता : म्हणजे सगळ्या उन्हापावसात... सर, तसं असेल तर आशा नाही. ऊन लागलं की सीडीवरचं पुसलं जातं.

भागोजी : समद्या नाय. एक माझ्या बायकोनं, प्रयागेनं, ठेवून घेतली. म्हनाली, ही मी देनार नाय. देवामागं टांगली, देव्हाऱ्यात. समई लावली की मागं उजेड पडतो.

दत्तोपंत : भागोजी, पोलादपूरची पुढची एसटी कितीला?

भागोजी : सुटंल आता. पन, गुरुजी, देवाजवळची वस्तू हाय. प्रयागा देईल का, ते मला सांगता नाय यायचं.

दत्तोपंत : तिला म्हणावं, दत्तोपंत मागतोय. हात जोडून मागतोय असं सांग.

(दुसऱ्या दिवशी दुपारी, त्याच वर्गात.)

विनीता : अगं बाई! हिच्यावर तर हळदीकुंकू आहे. आणि तेल.

भागोजी : रोज पूजा व्हायची न्हवं. प्रयागेनं नारळ ठेवला देवापुढं, मगच काढू दिली. आनि बजावलंय, आज सांजवातीच्या आत परत आन. देवाच्या मागची जागा मोकळी ठेवायची नाय.

दत्तोपंत : देऊ परत. धू पोरी लवकर.

विनीता : साबणाच्या पाण्यात धुतेय. आणि पुसायची गोल गोल नाही, मधून काठाकडे. गोल ओरखडा पडला तर एका ओळीतलं सगळं जातं. हं, लावते आता.

भागोजी : घुरघुर करतीय.

विनीता : करू दे. टक् टक् पेक्षा ते बरं. यादी दिसली! सर, पाच फेब्रुवारीची सीडी आहे. ३१, ३२, ३३... १९८८ पर्यंत.

दत्तोपंत : पुढची पोरं हयात आहेत, त्यांच्या घरी दाखले सापडतील. जुन्यांचं कुठेच काही नाही. ती काढ.

विनीता : साधं कॉपी केलं तर विंडोज पहिल्या ओरखड्याला हात वर करेल. हे दुसरं सॉफ्टवेअर हट्टी आहे. वाचता येत नाही तिथे पुन्हा पुन्हा वाचतं, नाहीच जमलं तर तेवढं सोडून पुढे जातं. यालाही पैसे पडत नाहीत बरं का, सर.

दत्तोपंत : मी फुकटात तीन वर्षं टाइप केलं, मला नको सांगू. चालव.

भागोजी : गुरुजी, खुर्ची घ्या.

दत्तोपंत : राहू दे. उभाच बरा.

विनीता : ३१ आली. ३२ आली. उघडून दाखवू?

दत्तोपंत : उघड.

भागोजी : हे काय! ही कुठली लिपी? सापडलं ते समदं बिघडलंय, बाई?

विनीता : घाबरू नका. या मशीनवर मराठी फॉन्ट नाही, म्हणून अक्षरं अशी दिसतात. फॉन्ट मी सीडीवर सोबतच ठेवला होता. एवढी एक अक्कल सुचली होती. हं, आता बघा.

दत्तोपंत : "अनुक्रमांक एक. हैबती..." हो, हो. हाच पहिला मुलगा. हे पान मी दिवाळीत टाइप केलं होतं, घरात फराळ चालू होता आणि मी इथे. अगं विनीता, आलं गं हे. खरंच आलं.

विनीता : डोळे पुसा, सर. अजून पुष्कळ जायचंय.

दत्तोपंत : किती रटाळ काम होतं ते! प्रगती, वर्तणूक. जुने हेडमास्तर सगळेच एक नंबरचे चिकट. प्रगतीच्या रकान्यात सगळ्यांना एकच शब्द, "बरी". मी सहा हजार वेळा "बरी" टाइप केलंय.

विनीता : ६५ आली. ६६ आली. ६७ आली. ६८ ला अडखळतेय. बघा, इथे काठाला तेल मुरलंय.

दत्तोपंत : ६८? ती नको सोडू.

विनीता : सॉफ्टवेअर सोडेल, सर, मी नाही सोडणार. पुन्हा पुसून लावते. एखादी नाही आली तरी एवढ्या आल्याच की.

दत्तोपंत : ती हवी. भागोजी, तू महाडला पाचवीला होतास ना?

भागोजी : होतो. एक वरीस. आत्याकडं राहून. मग बाप गेला, मी परत वाडीवर. ते कसं कळलं तुम्हाला?

दत्तोपंत : टाइप केलं ना मी. दोन वर्षं झाली.

विनीता : तेव्हा का नाही सांगितलंत त्यांना?

दत्तोपंत : रोज सांगायचं म्हणायचो. तो चहा घेऊन यायचा आणि मी म्हणायचो, टेबल पूस. राहून गेलं. चुकलंच माझं.

विनीता : ५० टक्के. ७०. काका, धीर धरा. आली!

भागोजी : वाचा की, बाई. मला आता वाचायची सवय नाय राह्यली.

विनीता : "अनुक्रमांक दोनशे चौदा. भागोजी. इयत्ता पाचवी. शाळा सोडल्याचे कारण, वडिलांचे निधन. वर्तणूक, चांगली. प्रगती..."

भागोजी : बरी.

विनीता : "उत्तम."

भागोजी : बाई, थट्टा करू नका.

दत्तोपंत : थट्टा नाही रे. सहा हजारांत हा शब्द मी मोजून नऊ वेळा टाइप केला. खाली शेराही आहे. वाच, विनीता.

विनीता : "मुलगा अतिशय हुशार. घरच्यांनी शाळेत परत पाठवावा."

दत्तोपंत : विनीता, तो तुझा भिंतीवरचा कागद काढ. बारावी सूचना मी लिहितो. "पुराच्या वेळी टेबलाखालचा डबा आधी उचलावा. आणि दर शनिवारी एक सीडी भागोजीच्या वाडीवर, देव्हाऱ्यात."

विनीता : त्यांची वाडी कशेडीच्या बाजूला डोंगरात. पाणी काही तिथे चढायचं नाही.

भागोजी : पानी नाय, बाई, पन दरड येते.

दत्तोपंत : म्हणून तर एक इथे आणि एक तिथे. पूर आणि दरड दोन्ही एकदम आले, तर मग तुझा देव बघून घेईल. ही जुनी तू परत ने. मी नवीन लिहून घेतो.

भागोजी : नेतो. सांजवातीच्या आत पोचली पायजे.

विनीता : निघा मग. एसटी चुकेल.

भागोजी : निघतो. पन, बाई, ती शेवटची वळ आनखी एकदा वाचता? घरी प्रयागेला सांगायची हाय, एक शब्द चुकायला नको.