चष्म्याची हाक

—न्हाई, न्हाई, दारू न्हाई. सुपारीसुद्धा न्हाई. आवं पाव्हणं, औंधात कुणालाबी इचारा, वीरधवलच्या तोंडाला कवा वास आला असं कुणी सांगणार न्हाई. बसा की, त्या खुर्चीवर बसा, ती मोटार पायानं सरकवा — जळलेली हाय, काय करत न्हाई. मी हात चालू ठिवतो, राग मानू नका, ही वायंडिंग संध्याकाळपतुर द्यायचीया, उसाचं पाणी थांबलंय माणसाचं. तर काय म्हणत हुतो — व्हय, पोरगा. कारखान्यात केमिस्ट हाय, पर्मनंट. जमीन पाण्याखालची. आई गरीब गाय. वडील मिलिट्रीतनं आलेले, बोलायला कडक, पण मनानं बरे. दिसायला फोटोपेक्षा चांगलाच हाय. झालं न्हवं? आन चौकशीला तुमाला माझ्याकडं धाडलं तेबी बरोबर केलं, ल्हानपणापासनं संगं हाय आमी, यमाईच्या डोंगरावर संगं चढलो, तळ्यात संगं पवायला शिकलो. स्वभाव? स्वभाव चांगला हाय की. चांगलाच हाय... न्हाई न्हाई, गप झालो न्हाई, तार गुततीया जरा.

काय म्हणला? बायोडाट्यात काय लिवलंय? बघू. आणा हिकडं, हाताला वार्निश हाय, तुमीच धरा, मी वाचतो. 'छंद — एअरसॉफ्ट, जिल्हास्तरीय विजेता.' आरारा. जिल्हास्तरीय! आवं, माझ्या माळावर झाला तो सामना, एक आमची टीम आन एक कवठे महांकाळची, त्यात कसला जिल्हा? आन विजेता. लिवलं त्येनं. लिवायला हात कसा झाला म्हणतो मी. — न्हाई, काय न्हाई. तुमी इचारू नका, मी सांगत न्हाई. लग्नाच्या कामात खोडा घालणारा माणूस न्हाई मी, दुसऱ्याच्या पोरीचं जमत आसंल तर चार शब्द बरंच बोलावं, अशी आमची आई सांगती. पण हे लिवायला नको हुतं त्येनं. दुसरं कायबी लिवायचं, ट्रेकिंग लिवायचं, वाचन लिवायचं. ह्येच का लिवावं?

म्हंजे काय खेळ? सांगतो. बंदुका असत्यात, खेळण्यातल्याच, पण दिसायला खऱ्यावाणी. आत बॅटरी, आन भाईर पडती ती प्लॅस्टिकची गोळी, हरभऱ्यापेक्षा जरा बारकी. अंगाला लागली तर मुंगळा डसल्यागत हुतं, रंग न्हाई, डाग न्हाई, काय न्हाई. आता हितंच खरी गंमत हाय बघा — लागली हे कळणार कुणाला? ज्येला लागली त्येलाच. कुस्तीत पाठ टेकली की सारा फड बघतो. हितं तुझं तुलाच म्हाईत. मग ज्येला लागली त्येनंच हात वर करायचा, 'लागली!' म्हणून वरडायचं आन मुकाट्यानं भाईर येऊन बसायचं. कुणी बघितलं नसलं तरी. सगळा खेळ त्येच्यावर उभा हाय. लोक म्हणायचे, जयराज, बारक्या पोरांच्या बंदुका घिऊन घोडे नाचत्यात व्हय माळावर? नाचूदे म्हणलं. आवं, आमच्यातले निम्मे भरतीत नापास झालेले, छाती भरली न्हाई, न्हाईतर पळण्यात मागं पडले. ती पोरं हितं हात वर करून भाईर यायची ना, तवा मला लय भारी वाटायचं. खोटं बोलायची सोय असताना खरं बोलतंय पोरगं, ह्येच्यापरीस मोठी भरती कुठली?

पोलीसपाटलाला सांगून केलं हुतं सगळं. माझ्याच माळावर, कुसळाशिवाय काय उगवत न्हाई तिथं, जुन्या पोल्ट्रीच्या शेडाभवती. नवा गडी आला की मी आदी जळका बल्ब ठिवायचो आन गोळी मारायचो. फट्. बल्बचा चुरा. मग म्हणायचो, ह्यो तुझा डोळा. चष्मा काढायचा न्हाई, घाम येऊदे, माशी जाऊदे, काढायचा न्हाई. आन त्यातनं एखाद्याचा निसटलाच, तर त्येच्यासाठी हाक हुती आमची — 'चष्मा!' ही हाक आली की सगळं बंद. आपला, समोरचा, कुणी असूदे, बंदूक भुईला, आन जो सगळ्यात जवळ आसंल त्येनं पळत जाऊन दोन्ही हातांनी त्येचं डोळं झाकायचं. मी शिट्टी मारूस्तवर हात काढायचा न्हाई. ह्यो नेम कुठनं आणलेला न्हाई, आमच्यातल्याच एका पोरीनं केला. — व्हय, एक पोरगी खेळायची की. साताऱ्यात डोळ्याच्या दवाखान्यात कामाला हाय, रोज बघती ती, डोळा गेल्यावर माणूस कसं हुतं ते. म्हणली, खेळात वैरी असला तरी डोळा सगळ्यांचा सारखाच. — कोण म्हंजे? हाय हितलीच. तिचं नाव काय करायचंय तुमाला. च्या सांगू का?

बरं, नको तर नको.

तर गेल्या उन्हाळ्यात कवठ्याची टीम आली, क्रूझर करून. त्यांचा कॅप्टन धम्मपाल, शाळंत खेळाचा मास्तर हाय. त्येचं एक सांगतो, म्हंजे माणूस कळंल तुमाला. आदल्या साली आमी त्यांच्याकडं गेलो हुतो, डाव त्यांनीच जिंकल्यात जमा हुता, आन ह्येच्या बुटाच्या टोकाला गोळी लागली. कुणाला दिसली न्हाई, मारणाऱ्यालाबी न्हाई. गडी हात वर करून हसत भाईर आला. डाव हरले. त्या दिवशी मी घरी येऊन आईला म्हणलो, ह्या माणसाला आपल्या घरी जेवायला घालायचं. म्हणून ह्या बारीला मटण टाकलं हुतं. पाव्हण्यांनी खेळायचं, जेवायचं, मग जायचं. गावात बोर्ड लावला, हलगी सांगितली, वीरधवलचे वडील हंबीरराव सुभेदार पाहुणे म्हणून खुर्चीत. माझ्याकडं शिट्टी.

शेवटचा डाव. झेंडा उचलंल त्येचा डाव, आन झेंडा शेडाच्या दारात, त्येच्या म्होरं धम्मपाल एकटा उरलेला. आमच्यातले दोघं — वीरधवल एका दगडाआड, अडकलेला, डोकं काढलं की संपला. आन ती पोरगी मागं, दुसऱ्या दगडाआड. मी बघतोय. आन वीरधवलची हाक आली — 'चष्मा! चष्मा!' तोंड ओंजळीत धरून खाली बसला. पाव्हणं, मी तुमाला सांगतो, धम्मपालनं बंदूक अशी अल्लाद भुईवर ठिवली आन झेंड्याकडं पाठ करून उभा ऱ्हायला, भाईर बसलेल्या कुणाचं बोट चुकून दाबलं गेलं तर गोळी आपल्याला लागूदे म्हणून मधी उभा ऱ्हायला. आन ती पोरगी — उघड्यावरनं, कुसळातनं, ठेचकाळत पळत गेली, दोन्ही हात त्येच्या तोंडावर दाबले, 'उघडू नको, डोळं उघडू नको' म्हणाय लागली, आवाज रडल्यागत झाला हुता तिचा. आन तिच्या हाताला चष्मा लागला. जागच्या जागी. पट्टा घट्ट. तवर ह्यो गडी तिच्या हाताखालनं निसटला, धम्मपालच्या बगलंतनं गेला आन झेंडा उचलला. ती तशीच गुडघ्यावर, हात तसंच म्होरं धरलेले.

मी शिट्टी मारली. डाव रद्द, रद्द म्हणून वरडलो. कोण ऐकतंय? हलगी सुरू झाली हुती. पोरांनी त्येला खांद्यावर घेतला. धम्मपाल माझ्यापाशी आला, म्हणला, ऱ्हाऊ दे जयराज, तुमी जिंकला. एवढंच. सामान भरलं, पोरं क्रूझरमधी बसली, मटण पातेल्यात तसंच. एका माणसानं घास खाल्ला न्हाई. मी गाडीच्या काचंला हात लावून उभा, गाडी सुटूस्तवर. आता फोन लावला की म्हणतो, बघू. सहा म्हैनं झालं 'बघू' म्हणतोय. माळावर आता कुणी येत न्हाई. आलं तरी हाकंला कोण थांबणार, आन न थांबणाऱ्यांच्या हातात बंदूक देऊ मी?

हसताय? हसा. हंबीरराव बी असंच हसले. कप देताना माईकवर म्हणले, याला म्हणत्यात गनिमी कावा! टाळ्या. आवं, कावा गनिमाशी असतो. ज्येच्यासाठी आपल्या चुलीवर मटण शिजतंय त्येच्याशी कसला कावा? आन कुणाच्या डोळ्याच्या नावानं? मला लय वाईट वाटलं, पाव्हणं, खोटं कशाला बोलू. भरतीत पडलो तवा मी रडलो न्हवतो. त्या दिवशी मोटारीच्या ह्या शेडात बसून रडलो.

हुशार म्हणता? व्हय, हुशार हाय. किती हुशार ते बी ऐका मग. सांगणार न्हवतो, पण ऐका. रातच्याला मी त्येला इचारलं, आरं गड्या, का केलंस? तर म्हणला, खेळ हाय रं, डोक्यात काय घेतोस. मी म्हणलो, ती पोरगी किती जिवाच्या आकांतानं पळत आली, बघितलंस का? तर हसला. म्हणला, 'ती येणार हे मला म्हाईतच हुतं की. ती पळत आली म्हणून तर धम्मपालला खरं वाटलं.' — कळलं का तुमाला? हाक तर त्येनं मोडलीच. पण तिची माया त्येनं आदीच हिशोबात धरली हुती. तिचा जीव वर-खाली झाला, त्येचा त्येनं आडोसा केला.

आता हसला न्हाई तुमी.

काय? ...माझी बहीण असती तर दिली असती का? — ह्यो काय प्रश्न झाला. आवं, असं कुणी कुणाला — दिली असती म्हंजे? दिलीच हुती. दिवाळीच्या पाडव्याला सुपारी फोडायची ठरली हुती. मीच ठरवलेलं, माझा दोस्त म्हणून. राजेश्वरी नाव तिचं. व्हय, तीच. डोळ्याच्या दवाखान्यातली. त्या सामन्यानंतर घरी आली, हातपाय धुतले, आन आईला म्हणली, तिकडं निरोप धाडा, मला न्हाई करायचं. का म्हणून इचारलं तर म्हणली, माझ्या हाताला कळलंय. आईनं म्हैनाभर तिच्याशी बोलणं टाकलं. आन गावात काय पसरलं? वीरधवलच्या घरच्यांनी नाकारली, पोरगी बापयांत बंदुका खेळती म्हणून. कुणी पसरवलं ते मी सांगत न्हाई. ती म्हणती, म्हणू देत. मी बोलायला लागलो की हात धरती माझा. आज तुमाला सांगितलं... तिला कळलं तर माझ्याशी बोलायची न्हाई ती.

आसं? आसं वाटलं व्हय तुमाला? म्हंजे बहिणीचं मोडलं म्हणून मी दुसरीचं मोडतोय. बरोबर हाय, कुणालाबी तसंच वाटंल. मी तुमच्या जागी असतो तर मलाबी वाटलं असतं. आता मी किती शपथा घेतल्या तरी तुमी त्येच्यातनं सूडच काढणार. मग धम्मपालला फोन लावून देऊ? लावू का? तो माझा फोन उचलंल न उचलंल — न्हाई, ऱ्हाऊ द्या. तो काय बोलणार न्हाई. त्या दिवशीबी 'तुमी जिंकला' म्हणूनच गेला तो.

उठलाच व्हय? बरं. वीरधवलचं घर असं सरळ जावा, निळं गेट. च्या चांगला करत्यात. राजेश्वरीचं नाव तेवढं तिथं काढू नका, हात जोडतो. आन माझं — माझं नाव बी काढू नका, कशाला उगं...

न्हाई. थांबा. माझं सांगा. त्येनं इचारलं कोण बोललं, तर सांगा जयराज बोलला, आन आजून हितंच बसलाय म्हणावं. जावा आता. मला मोटार द्यायचीया.