वहीत न लिहिलेली जागा

मूळचे आम्ही रहाटणीचेच. आता दुकानं आहेत ना, तिथं आमचं वावर होतं आणि वावरात विहीर. त्या विहिरीत पाणी शेंदताना माझी मोठी बहीण मंदा घागरीसकट गेली, मी तेव्हा सहा वर्षांचा. वडिलांनी मुरूम टाकून विहीर बुजवली, पुढं गुंठे विकले, आणि काय सांगू तुम्हाला, पुढं नेमकी विहिरीच्या जागेवर अंगणवाडी भरायला लागली.

मी पालिकेत पाणी सोडायच्या कामावर, सत्तावीस वर्षं. चावी फिरवायची आणि गळती ऐकायची. सळईचं एक टोक रस्त्याला, एक कानाला, की खाली कुठं झिरपतंय ते कळतं. वार, वेळ, जागा, आवाज, सगळं वहीत लिहितो. बायको म्हणते, एवढं लक्ष पोरांच्या अभ्यासात घातलं असतं तर.

गेल्या वर्षी कॉलेजातून प्राजक्ता मॅडम आल्या, गळती ऐकायचं यंत्र घेऊन. साहेब म्हणाले, यांना वह्या द्या. मी म्हटलं, देत नाही, नेलेलं कोणी परत आणत नाही. तर म्हणाल्या, काका, इथंच बसून उतरवते. आणि बसल्या हो, आठ दिवस. नवव्या दिवशी म्हणाल्या, सगळ्या गल्ल्या आहेत, अंगणवाडीची तेवढी एकदाही नाही. ऐकलं नाहीत, का लिहिलं नाहीत?

ऐकलं होतं. त्याच्या चार वर्षं आधी, भर दुपारी. खालून डुबुक व्हायचं, थांबायचं, परत डुबुक, कोणी घागर बुडवावी तसं. नकाशात तिथं लाइनच नाही. मी सळई उचलली, वही मिटली. खाली मंदाताई आहे, असं लिहायचं का पालिकेच्या वहीत?

हे मी मॅडमना सांगितलं, पहिल्यांदाच कोणाला तरी. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, काका, इथं विहीर होती हे एकाही कागदावर नाही, आणि वर पोरं बसतात. यंत्र लावलं, आवाज होता. सेविकाबाईंनी त्याच दिवशी बावीस पोरं समाजमंदिरात हलवली. फरशी उचलली तर खाली पोकळी, माणूस उभा राहील एवढी. जुनी, विसरलेली लाइन फुटून मुरूम नाल्याकडं धुऊन नेत होती. चार वर्षं. आणि चार वर्षं मी गप्प.

लाइन बंद केली, पोकळी काँक्रीटनं भरली. मग दोघांनी परत ऐकलं. यंत्रावर काही नाही. मी सळई कानाला लावली. डुबुक. थांबलं. डुबुक.

मॅडम म्हणाल्या, काय लिहू, काका? मी म्हटलं, दोन्ही लिहा. त्यांनी लिहिलं: यंत्र, आवाज नाही, सळई, आवाज आहे. खाली दोघांच्या सह्या. साहेब वाचून हसले, पण अंगणवाडी काही परत तिथं नेली नाही. पोरं समाजमंदिरातच बसतात, सुखी राहोत. मी दर मंगळवारी दुपारी तिथं सळई लावतो, आणि ऐकू येईल ते लिहितो.