झडप बंद असताना

मॅडम : म्हणजे परवा मोजणी चालू असताना तुम्ही यंत्रात येणाऱ्या किरणाची झडप बंद केलीत, आणि सांगताय आज? शोधलेख उद्या छापायला जायचा असताना?

काका : चहाला जाताना मी ती कायम बंद करतो, मॅडम. मागे एकदा पंप बसला आणि अख्ख्या नळीत हवा शिरली. तेव्हापासूनची सवय.

मॅडम : वहीत नोंद नाही.

काका : चहाला गेल्याची नोंद कोण करतं?

मॅडम : किती वाजता गेलात?

काका : अकराला. साडेअकराला परत.

मॅडम : वा! परवा पडद्यावर उमटलेल्या माझ्या अकरा ठिपक्यांतले तीन नेमके त्याच अर्ध्या तासातले.

काका : काल भाषणात तुम्हीच वेळा दाखवल्यात. तेव्हा माझी चहाची वेळ लक्षात आली.

मॅडम : लेखकांची यादीही दाखवली होती. तुमचं नाव नव्हतं तिच्यात.

काका : पाहिलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? त्या नळीतले आरसे या हातांनी बसवलेत.

मॅडम : म्हणून आता हा सूड?

काका : बोला. बावीस वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं, तेवढं राहिलं होतं.

मॅडम : काका, सात वर्षं गेलीत माझी या यंत्रात. ज्याच्यासाठी ही मोजणी, ते अणुकेंद्र आजवर कुणीही तोललेलं नाही.

काका : हलकं आधी पोचतं, जड मागून, वेळेवरून वजन. एवढं मलाही कळतं. पण ते तुमचं केंद्र जगतं किती?

मॅडम : सेकंदाचा पाचवा हिस्सा.

काका : आणि झडप बंद झाली की नवं येत नाही. मग अर्धा तास नळीत धावत कोण होतं?

मॅडम : तुम्ही झडप बंद केलीच नसेल.

काका : आत्ता करून बघू. किरण चालू आहे. काही आलं नाही तर मी खोटा, लेखी देतो.

मॅडम : चाक मी फिरवणार. तुम्ही हात लावायचा नाही.

काका : फिरवा. उजवीकडे. अडेल तिथपर्यंत.

(मॅडम चाक अडेपर्यंत फिरवतात आणि पडद्यासमोर बसतात.)

मॅडम : दहा मिनिटं झाली. पडदा कोरा आहे, काका. आता तरी कबूल करा.

काका : तो बघा, ठिपका.

मॅडम : कुठे?

काका : तुमच्या केंद्राच्याच खुणेवर.

मॅडम : असेल एखादा भरकटलेला.

काका : थांबू की. घाई कसली?

मॅडम : ...दुसरा आला.

काका : परवाइतक्याच अंतरानं येताहेत. झडप उघडी काय, बंद काय.

मॅडम : कुठला तरी रेणू आहे. आत चिकटून राहिलेला, जवळजवळ तेवढ्याच वजनाचा. माझं केंद्र यात नाहीच.

काका : नळी मागच्या आठवड्यात मीच पुसली होती, स्पिरिटनं. घाईत नीट वाळू दिली नाही. चूक माझी असेल.

मॅडम : गप्प बसला असतात तर हे कुणालाच कळलं नसतं.

काका : मला कळलं होतं ना.

मॅडम : वही द्या इकडे. परवाची तारीख. अकरा ते साडेअकरा, झडप बंद.

काका : खाली सही कुणाची?

मॅडम : आधी तुमची. मग माझी.